अर्ध्या रानात मेंढरं

मराठवाडा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी सरकारनं आमच्या पेडगावच्या रानाचे दोन भाग केले. उजव्या भागाला नवं पांढरं खत घालायचं, डाव्याला काहीच घालायचं नाही, आणि दोन्हीकडं सारखीच ज्वारी पेरायची. उजवी बाजू सरस ठरली की खताची निम्मी किंमत अनुदान म्हणून परत मिळणार होती. शेतकी खात्याच्या दिनकररावांना माझ्या वडिलांनी, आश्रुबा आबांनी, शब्द दिला होता, की डाव्या भागात शेणाची टोपलीसुद्धा जाणार नाही. कुठल्या अंगाला खत आहे ते लिहिलेली सरकारी फळीही मधल्या बांधावर आबांनीच रोवली. श्रावणात आबा वारले.

धोंडीबा धनगर दरसाल पेरणीआधी आमच्या रानात मेंढरं बसवायचा. रात्रभर कळप तिथं राहिला की लेंड्या पडतात, रान कसदार होतं. त्याबद्दल त्याला धान्य द्यायचं. त्या वर्षी तो आधी मायला भेटायला आला.

"वहिनी, डाव्या अंगाला औंदा कायच न्हाई म्हनं."

"न्हाई. सरकारचा हुकूम हाय."

"अर्धं रान उपाशी ठिवायचं?"

त्या रात्री धोंडीबानं आपणहून कळप डाव्या भागात बसवला आणि धान्य घेतलं नाही. माय तेराव्याच्या तयारीत होती. मी परभणीच्या शाळेतून रजा काढून आले होते आणि येणाऱ्यांसाठी चहा करत होते. मेंढरं दरसाल बसतात. त्याला खत घालणं म्हणतात, हे आमच्या डोक्यात आलं नाही.

माघात मी सुगीसाठी पुन्हा घरी आले होते, तेव्हा दिनकरराव पाहणीला आले. उजवीकडची ज्वारी चांगली होती. डावीकडची त्यांच्या टोपीच्या वर गेली होती. त्यांनी फळी वाचली, मागून पाहिली, पुन्हा वाचली.

"मावशी, इकडं काय घातलं?"

"कायच न्हाई. मेंढरं बसली व्हती."

दिनकरराव बांधावर बसले.

"मेंढरं म्हणजे खतच की हो."

"दरसाल बसतेत. तुमाला इचारून बसायची रीत न्हाई त्यांची."

ते भले गृहस्थ होते. थोडा विचार करून म्हणाले, "असं करू. फळी फिरवू. डाव्याचं उजवं झालं की निकाल सरळ लागतो. अनुदान मिळेल."

मला ते चाललं असतं. घरात पैसा नव्हता.

"आमच्या गावचा सटवाजी पारावर बसून काय म्हनायलाय, ठावं हाय का?" माय म्हणाली. "आश्रुबानं सरकारला फसवलं, डाव्या अंगाला चोरून खत घातलं. फळी फिरवली की त्याचं खरं झालं."

"मग प्रयोग बिघडला असं लिहावं लागेल. पैसे मिळणार नाहीत."

"लिवा. पर कशानं बिघडला ते बी लिवा."

"मेंढ्यांनी."

"मेंढ्यांनी न्हाई. हे असते तर धोंडीबाला चहा पाजून दारातूनच परत लावलं असतं. लय शब्दाचे व्हते. ते लिवा."

दिनकररावांनी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं आणि वाचून दाखवलं. "शेतकरी मयत झाल्याने डाव्या भागात मेंढ्या बसल्या. सदर शेतकरी हयात असता, तर हा भाग ठरल्याप्रमाणे निकस राहिला असता."

मायनं पुन्हा वाचायला लावलं. ऐकताना तिनं पदर सारखा केला.

वाक्य बरोबर होतं. आबांच्या शब्दाखातर ही ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली असती. रानातलं सगळ्यात चांगलं पीक ते नव्हते म्हणून उभं होतं, आणि ते काढावं लागणार होतं.

मायनं कागदावर अंगठा दिला, शाई बांधावरच्या गवताला पुसली.

"सटवाजीला बी वाचून दावा जाता जाता," ती दिनकररावांना म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "इळ्यांना धार लावून आण. डावं आदी काढू."