वाडीचा ठिपका

गोमाजीकाकांनी दोन बांबू जोडून टोकाला उंबरं बांधली आणि तो लांबलचक हात बेहड्याच्या ढोलीकडे उचलला, तेव्हा आठ फोटोग्राफरांनी कॅमेरे सरसावले. नववा मी. माझ्याकडे कॅमेरा नव्हता, बाकी सगळं पाप माझ्याकडेच होतं.

ढोलीत धनेशाची मादी होती. अंडी घालायला ती आत शिरते आणि दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. नर बाहेरून फळं आणून भरवतो. काका हा संसार सहा वर्षं बघत होते. यंदा तीन दिवस नर फिरकला नव्हता. झाडाखाली एवढी जत्रा बघून तो येणार तरी कसा?

जत्रा मी भरवली होती. पोलादपुरात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. काका रेशनकार्डासाठी आले होते. सर्व्हर बंद, म्हणून मी त्यांना कुठे कोणता पक्षी दिसला ते सांगणारी वेबसाइट दाखवली. तिच्या नकाशात महाडवर ठिपके, पाचाडवर ठिपके. उमरठच्या वरची आमची वाडी कोरी.

"किशोर, आपली वाडी नाय रे हितं?"

"कोणी नोंदच केली नाय, काका."

"मग कर. भरत तिकडं ठाण्यात बघंल तरी."

भरत त्यांचा मुलगा. तीन वर्षं आला नव्हता.

मी ढोलीतल्या धनेशाची नोंद भरली. अचूक जागा लपवायची का, असं वेबसाइट विचारत होती. मी वाचून दाखवलं.

"लपवायला काय चोरीचा माल हाय?"

मी हसलो आणि हसता हसता 'नाही'चं बटण दाबलं. असं का विचारतात, ते मला ठाऊक होतं. आठवड्यात वाडीत गाड्या लागल्या. भरत सोडून सगळे आले.

"काका, थोडं डावीकडे सरका ना, लाइट मस्त येतोय," एक टोपीवाला म्हणाला. काका बिचारे सरकलेही.

मी म्हटलं, "निघा आता. तिचा नर येत नाहीये."

"अहो, पाच तास गाडी चालवून आलोय!"

दगडावर बसलेल्या ठकूकाकी म्हणाल्या, "मला कधी पाण्याचा तांब्या दिला नाय यांनी. आन् पाखराला भरवतायत."

उंबरं फटीला टेकली. चोच आली नाही.

"लाजत असंल ती," काका म्हणाले. "एवढ्या बाप्यांसमोर कोण खाईल? तोंडं फिरवा रे!"

आवाजात काय होतं कोण जाणे, पण आठही जण मोठमोठ्या लेन्स घेऊन झाडाकडे पाठ करून उभे राहिले. समोर बघण्यासारखं काही नव्हतं. शिक्षा झालेल्या वर्गासारखे आम्ही ते बघत राहिलो.

बऱ्याच वेळाने मी चोरून मान वळवली. उंबरं होती तशीच होती. काकांनी स्वतःही तोंड फिरवलं होतं, डोळे मिटले होते. बांबू थरथरत होता. ठकूकाकी कधीतरी उठून आल्या होत्या आणि त्यांच्या हाताखाली आपला हात लावून उभ्या होत्या, त्याही खाली बघत.