लॅव्हेंडरला पाणी

ताईंचा उभा जन्म कापडगिरणीत तपासनीस म्हणून गेला. कापडाचे तागेच्या तागे डोळ्यांखालून घालायचे आणि दोष हुडकायचा. निवृत्तीनंतर तागे सुटले, डोळे मात्र तेच राहिले. आता त्या डोळ्यांसमोर दिवसभर होती एकटी भावजय.

धाकटा भाऊ उन्हाळ्यात हृदयाच्या दुखण्याने गेला. हिनेच हयगय करून त्याला घालवला, असं ताईंच्या मनाने घेतलं होतं. त्याच्या पायांना सूज, जीभ कोरडी, आणि ही बया त्याला पाणीसुद्धा मापाने द्यायची, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. शिवाय खोलीच्या खिडक्या सताड उघड्या. विचारलं की एकच पालुपद, ‘डॉक्टरांनी सांगितलंय, ताई. जास्त पाणी हृदयाला झेपत नाही.’ डॉक्टर काय, शंभर गोष्टी सांगतात! पण हातात पुरावा नव्हता, म्हणून ताई गप्प होत्या. गप्प म्हणजे काय, तर टोमणे फक्त जेवतानाच मारायच्या.

भावाच्या मागे त्याची लॅव्हेंडरची दोन झाडं उरली होती. दातेरी पानांची, नाजूक जातीची. इथल्या हवेत ऊन कधी तरी पाहुण्यासारखं यायचं, पाऊस पिरपिरत असायचा आणि भिंतींना कायम ओल. अशात थंडी पडली की ही झाडं बाहेर टिकत नाहीत, म्हणून भाऊ दोन्ही कुंड्या काचेच्या व्हरांड्यात आणायचा. यंदा भावजयीने आणल्या, आणि ताईंनी पाळत ठेवली.

पहिल्याच सकाळी सावज सापडलं. बाहेर कडाक्याचा गारठा आणि व्हरांड्याची खिडकी उघडी! ताईंनी कुंडीत बोट खुपसलं. आत मातीपेक्षा खडीच जास्त, आणि तीही ठणठणीत कोरडी. एका दुपारी तर ही बाई कात्रीने झाडाचे शेंडे उडवताना सापडली.

“अगं, काय चालवलंयस हे?”

“आत हवा खेळायला पाहिजे, ताई. दाटी झाली की बुरशी धरते.”

“आणि पाणी कोण घालणार?”

“बेतानेच घालायचं. थंडीपेक्षा ओल वाईट त्याला.”

घ्या! तीच उघडी खिडकी, तेच घोटभर पाणी, तेच तयार उत्तर. ताईंच्या अंगाची लाही लाही झाली. नवऱ्याला घालवलं, आता त्याच्या झाडांच्या जिवावर उठली.

“यातलं एक मी माझ्या खोलीत नेते,” त्या म्हणाल्या. “बघूया कोणाचं जगतं.”

“न्या,” भावजय म्हणाली. “फक्त पाणी जपून घाला.”

इतक्या सहज दिलं म्हणजे यातही काहीतरी काळंबेरं असणार, असं ताईंना वाटलं.

ताईंनी झाडाचे सगळे लाड पुरवले. खडी उपसून काळीभोर खतमाती भरली. खिडकी घट्ट बंद, शेजारी हीटर, सकाळ-संध्याकाळ भांडंभर पाणी. झाड तरारलं. येता-जाता भावजयीला दिसावं म्हणून ताई मुद्दाम दार उघडं ठेवायच्या.

मग खालची पानं पिवळी पडली आणि खोडावर करडी बुरशी आली. ताईंनी तर्क लढवला: आपण आंघोळीला गेलो की ही आत शिरून काहीतरी ओतत असणार. त्यांनी खोलीला कुलूप घातलं आणि चावी स्वतःजवळ ठेवली. झाड आणखीच झपाट्याने खचलं. एका सकाळी त्यांनी ते जरासं हलवून पाहिलं, तर मुळांसकट हातात आलं. मुळं काळी, लिबलिबीत, नाकाला झोंबणाऱ्या वासाची. कुलूप घातल्यापासून त्या खोलीत ताईंशिवाय कोणीही आलेलं नव्हतं.

ते झाड हातात धरूनच त्या व्हरांड्यात गेल्या. तिथलं झाड दिसायला खुरटं, पण बुंध्यापाशी नवी हिरवी पालवी. खिडकी उघडीच होती. भावजयीने ताईंच्या हाताकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली.

ताई बसल्या.

“त्याच्या आजारपणात तू दुपारी जरा पडायचीस ना, तेव्हा मी त्याला पाणी पाजायचे,” त्या म्हणाल्या. “पेला भरून. रोज. तळमळायचा गं तहानेने. मला वाटायचं, मी त्याला तुझ्यापासून वाचवतेय.”

भावजयीने ते झाड त्यांच्या हातातून काढून घेऊन खिडकीत ठेवलं.

“माहीत होतं मला,” ती म्हणाली. “पेला ओला असायचा.”

“मग अडवलं का नाहीस?”

“डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, आता काही फरक पडत नाही. पिऊ दे त्यांना.”

ताईंनी झटकन मान वर केली. फरक पडत नव्हता, तर ही स्वतः शेवटच्या दिवसापर्यंत माप घेऊन का बसली होती? प्रश्न अगदी जिभेवर आला. भावजय खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते. इतक्या दिवसांत ताईंनी तिचं पहिलं खोटं पकडलं होतं, आणि ते ती ताईंसाठी बोलली होती.

“हो का,” ताई कशाबशा म्हणाल्या, आणि मातीने भरलेल्या हातांनीच तोंड झाकून रडू लागल्या.