परतल्याचा रकाना

आमच्या गावच्या होड्यांचा तक्ता मी वेबपानावर मांडला, तेव्हापासून बायका धक्क्यावर ताटकळायच्या थांबल्या. घरी बटाटे सोलता सोलता फोनवर आपल्या माणसाची ओळ बघू लागल्या. नाव, होडी, गेला, परतला. माणूस परतला की धक्क्यावरचा रखवालदार फोनवरून वेळ भरी, ओळ हिरवी होई आणि घरोघर जीव भांड्यात पडे. त्यापायी कुणी मला शिंपले आणून देई, कुणी गरम पाव, आणि मी खरोखर भरून पावत असे.

पुएर्तो मोंतहून पान तपासायला आलेला तंत्रज्ञ मात्र हसला. "बाई, बुडालेल्यांच्या ओळी कशाला? हे पान आहे की स्मशान?"

"ज्याचं प्रेत मिळालं नाही, तो आमच्यात मेलेला नसतो," शेजारची ओतिलिया म्हणाली. "तू आपलं यंत्र बघ."

त्या ओळींत माझे वडील आबेलिनोही होते. मी लहान असताना ते समुद्रावर गेले ते गेलेच, आणि त्यांचा परतल्याचा रकाना मोकळा होता.

शरदातल्या पहिल्या वादळात माझा नवरा नोल्बेर्तो एकटाच समुद्रात अडकला. रखवालदार आणि ओतिलिया माझ्या सोबतीला स्वयंपाकघरात बसून होते, माझी नजर नोल्बेर्तोच्या ओळीवर खिळलेली, आणि पानावर एक ओळ हिरवी झाली. ती त्याची नव्हती. आबेलिनो, परतला, आत्ताचीच वेळ.

"मी हात लावला नाही, एदेल्मिरा," रखवालदार म्हणाला. त्याचा फोन टेबलावर उपडा पडला होता.

तेवढ्यात धक्क्याकडून हाका आल्या, आम्ही धावलो. होडी लागली होती, तिच्यातून नोल्बेर्तो उतरला, ओलाचिंब पण धडधाकट. मी त्याला बिलगून रडले आणि कोळ्यांचा राखणदार संत सान पेद्रो याचे मनोमन पाय धरले.

रखवालदाराने त्याची वेळ भरली. रकाना मोकळाच राहिला. पुन्हा भरली, तरी मोकळाच.

"वादळात बिघडलं असेल. आता पुरे, जेवू द्या त्याला," म्हणत ओतिलिया रखवालदाराला घेऊन गेली.

घरी मी मांस-बटाट्याची गरम काझुएला वाढली. त्याने रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, चमचा ठेवला आणि माझ्याकडे डोळे भरून पाहिलं.

"किती मोठी झालीस गं, पोरी," तो म्हणाला. "आई कुठाय?"

आणि खरं सांगते, नोल्बेर्तोची आठवण होण्याआधी मी सान पेद्रोचे पुन्हा एकदा आभार मानले.