पाण्याखालच्या दाराची टकटक

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. मला डोळे नाहीत, जीभ नाही. मूठभर आकाराचा, काळ्या रबरात गुंडाळलेला, शेपटीला लांबलचक वायर असलेला मी एक हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात बुडून ऐकणारा कान. बाहेर उन्हाळा असला की मी टेबलावरच्या लाकडी पेटीत चिंध्यांवर पडून असतो. बाकीचे सगळे महिने मी पाण्यात असतो. पाणी असं की वर्षातला बराच काळ त्यावर बर्फाचं झाकण असायचं.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या बाईंनी भिंगातून बघत माझ्या पोटातल्या बारीक तारा जोडल्या. मग मला पाण्याच्या बादलीत बुडवून बादलीच्या कडेवर नखाने टिचकी मारली. त्या म्हणाल्या, "ऐकू आलं रे बाळा? जा आता." मी ऐकलेला तो पहिला आवाज. इतका जवळचा आवाज पुन्हा मला मिळाला नाही.

मग बोटीतून मी इथे आलो. खडकावर एक लाकडी खोली. खोलीत शेगडी, टेबल, हेडफोन आणि दोन माणसं, बहीण आणि भाऊ. बहीण ऐकायची, भाऊ चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारी जड गाडी चालवायचा. सगळे तिला ताई म्हणत आणि त्याला दादा. समोरची खाडी गोठली की दादा त्या बर्फावरून गाडी नेऊन पलीकडच्या धक्क्यावरून तेल आणि धान्य आणायचा. हिवाळ्यात दुसरा रस्ताच नव्हता.

पहिल्यांदा मला खाली सोडलं तेव्हा समुद्र उघडा होता. काय तो गोंगाट! वारा पाण्याला चापट्या मारत होता. लाटा फुटत होत्या, बुडबुडे तडतडत होते. मला वाटलं, समुद्र म्हणजे हाच कल्ला. मग एके दिवशी आवाज विरत गेले. कुणीतरी समुद्राच्या अंगावर गोधडी ओढत जावी तसे. बर्फ धरला होता. आता वारा पाण्याला शिवू शकत नव्हता, लाटेला उठायला जागा नव्हती. खाली उरली शांतता.

पण ती शांतता कोरी नव्हती, मित्रांनो. ऊन उतरलं की बर्फ आकसायचा आणि कण्हायचा. दूर कुठेतरी दोन तुकडे एकमेकांवर चढायचे आणि जुनी फळी पिळावी तसा आवाज यायचा. सील हा समुद्रातला प्राणी वरून खाली घसरत जाणारी लांब शीळ घालायचा आणि ती संपली कधी हेच कळायचं नाही. कधी कधी कुणीतरी माझ्या शेजारून जायचं. मोठं, सावकाश. त्याचा आवाज नसायचा. फक्त बाकीचे आवाज क्षणभर त्याच्या आड जायचे.

या शांततेवरच दादाचा जीव टांगलेला होता. लाटेचा आवाज आला, तर उघडं पाणी जवळ आहे आणि बर्फ तुटू शकतो. आवाज नसला, तर बर्फ दूरवर पक्का. म्हणून त्या खोलीत एक रीत होती. समुद्र निवला असं ऐकू आलं की ताई चहाचा पेला टेबलावर उपडा घालायची. पेला उपडा झाल्याशिवाय दादा गाडीला चावी लावायचा नाही.

"काय म्हणतो तुझा कान?" दादा विचारायचा.

"म्हणतो, त्या माणसाला आधी दाढी करायला सांग."

मला पुसताना ताई गुणगुणायची,

आधी ऐक, मग चाल, पाण्यावरची वाट गं,
वर पांढरं शांत शांत, खाली काळी लाट गं.

अशी वीस वर्षं गेली. पाहुणे यायचे, हेडफोन लावायचे आणि माझं कौतुक करायचे. माझी छाती, म्हणजे रबर, फुगायचं.

मग एक इंजिनिअरसाहेब आले. माणूस चांगला, हाताने हुशार. त्या वर्षी बर्फ धरला, तरी पाण्यातून एक घरघर येत राहिली. साहेबांनी जुन्या वह्या काढल्या आणि बोट ठेवलं. "ताई, वीस वर्षं या महिन्यात शांतता आहे. याच वर्षी आवाज कुठून येईल? समुद्राला काही झालेलं नाही. तुमच्या कानाचं वय झालंय." त्यांनी माझ्या वायरला एक छोटी डबी जोडली. ती आवाजाची गाळणी होती. जड, घरघरणारे आवाज ती अडवायची.

मी खालून ओरडत होतो. मी ऐकलं होतं, उघडं पाणी येत होतं. बर्फाची कड रोज थोडी जवळ सरकत होती. पण वरच्या टोकाला काहीच पोचत नव्हतं.

पुढचं मला ताईच्याच तोंडून कळलं. ती हेडफोन लावून बसली. स्वच्छ शांतता. तिला बरं वाटलं. तिने पेला उपडा घातला. दादा टोपी ओढत म्हणाला, "येताना तुला काय आणू?" "स्वतःला आण," ती म्हणाली.

खिडकीतून तिला दिसलं, गाडी बर्फावर चढली. दरवर्षी त्या क्षणी तिच्या कानात पट्ट्यांची धडधड यायची. ती वाट बघत राहिली. गाडी डोळ्यांसमोर चालत होती आणि कानात काहीच नव्हतं. जणू गाडी नव्हतीच. जणू दादा आधीच नव्हता.

तिने डबी उपटून वायर सरळ जोडली. आणि माझं सगळं ओरडणं एकदम तिच्या कानात शिरलं. लाटा. अगदी जवळ.

"दादा, उतर! गाडी सोड!" ती गाडीशी बोलायच्या बिनतारी रेडिओवर ओरडली.

"अगं, पेला तूच उपडा केलास ना?"

"चुकले मी! आल्या वाटेने पळ!"

दादाने वाद घातला नाही. दार उघडं टाकून त्याने उडी मारली आणि चाकोरीवरून तो धावत सुटला. तो खडकाला लागला तेव्हा त्याच्या मागे बर्फ फाटला.

मी ती गाडी खाली येताना ऐकली, मित्रांनो. इंजिन थोडा वेळ पाण्यातही बोलत होतं. मग ते गुदमरलं. मग तळाचा मऊ धप्प आवाज झाला. आणि मग सुरू झाली ती टकटक. दादाने उघडं टाकलेलं दार प्रवाहात हलून गाडीवर आपटत होतं. टक. बऱ्याच वेळाने पुन्हा टक. आत कुणी नव्हतं हे मला ठाऊक होतं. तरी ते कुणीतरी ठोठावल्यासारखंच वाटतं.

साहेबांनी ती उपटलेली डबी उचलली. "मला वाटलं यंत्राचा दोष आहे," ते म्हणाले.

ताई म्हणाली, "मलाही शांतता हवी होती साहेब. म्हणून मीही विचारलं नाही."

त्यानंतर दादाला दुसरी गाडी मिळाली आणि रीत थोडी बदलली. दाराची ती टकटक फार बारीक आहे. समुद्र खरोखर निवला तरच ती ऐकू येते. म्हणून ताई आता दार वाजेपर्यंत थांबते. दार वाजलं, की पेला उपडा. पहिल्या वर्षी ते पाच महिने ऐकू येत होतं. पुढे तीन. गेल्या वर्षी अठरा दिवस.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. रबराला भेगा पडल्या आहेत. उद्या ताई मला पुसून पुन्हा खाली सोडेल. माझी विनवणी एवढीच आहे. नको असलेला आवाज आला, तर आधी कानाला दोष देऊ नका. त्याला गाळून टाकू नका. तो कुठून आला, ते विचारा. आणि त्या बर्फाच्या गोधडीला जपा. तिच्याखाली फार बारीक आवाज राहतात.

कारण या वर्षी संपूर्ण हिवाळा दादा रोज सकाळी दारात उभा राहून विचारत होता, "वाजलं का?" आणि ताई हेडफोन न काढता नाही म्हणून मान हलवत होती. दार अजून हलतच असेल. पण वरच्या लाटांमध्ये मला ते एकदाही ऐकू आलं नाही. पेला अख्खा हिवाळा सुलटाच राहिला.