टोपलीतली एक कडू

जंगलालगतच्या तपासणीच्या खोलीत मी एकटीच बसते. लोक टोपल्या घेऊन येतात, मी त्यांच्या अळंब्या पाहून खाण्याजोग्या कोणत्या ते सांगते. अळंब्यांतल्या दोन जाती, जणू सख्ख्या बहिणी, फार छळतात. एकीला आम्ही गोड म्हणतो, दुसरीला कडू. टोपी तीच, रंग तोच. फरक देठावरच्या जाळीत. गोडची जाळी पांढरी, कडूची काळपट. कडू विषारी नसते, पण एक पडली की अख्खं पातेलं फेकावं लागतं.

दर रविवारी एक म्हातारे घड्याळजी यायचे. बायको गेल्यापासून जंगलात फिरतात, एवढंच मला ठाऊक होतं. टोपलीत दहा-बारा गोड आणि हटकून एक कडू. मग मी भिंग काढायचे, ते स्टूल ओढायचे आणि बोलता बोलता तास जायचा. आठवडाभरात माझ्याशी कामाखेरीज बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. त्यांची मी वाट पाहायचे. पण हे सांगायचं सोडून तोंडाचा पट्टा तेवढा चालू ठेवायचे.

एका रविवारी माझं डोकं फिरलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी, असं त्यांच्या तोंडावर म्हणाले आणि दोन्ही देठ त्यांच्या नाकासमोर धरून पहिलीच्या पोराला शिकवावं तसं शिकवलं.

"तुम्हाला फार त्रास दिला, बाई," जाताना ते म्हणाले. "आता चूक व्हायची नाही."

पुढच्या रविवारी टोपलीत सगळ्या गोड. मी शाबासकी दिली आणि दोन मिनिटांत चिठ्ठीवर शिक्का मारला. स्टूल ओढायला निमित्तच उरलं नाही. ते उभ्याउभ्याच निघून गेले.

त्यानंतर तीन रविवार ते फिरकले नाहीत. रिकाम्या खोलीत बसून मला उशिरा शहाणपण सुचलं. ती कडू नेहमी सगळ्यांच्या वर असायची, देठ पुसून ठेवलेला. केसाएवढी स्प्रिंग बसवण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना जाळी दिसत नव्हती होय? मी माझ्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता.

घरी जाऊन भेटावं म्हणून नोंदवही काढली. पानापानावर माझंच अक्षर. गोड बारा, कडू एक. गोड दहा, कडू एक. अळंबी आणणाऱ्याचं नाव लिहायला आमच्या वहीत रकाना नाही, आणि मी त्यांना ते कधी विचारलंही नव्हतं.