अकरावा फोटो

दारू प्यायल्यावर समोरचा माणूस जास्त देखणा दिसतो का, हा माझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. वर्षभरापूर्वीपर्यंत वर्गासमोर उभं राहिलं की माझी दातखीळ बसायची. या मिडसमरला, म्हणजे जूनमधल्या सणाला, मात्र मी बागेत स्टुलावर चढून अठरा पाहुण्यांना हुकूम सोडत होते. दहा अनोळखी चेहऱ्यांचे फोटो, प्रत्येकाला दहापैकी गुण. एक कागद जेवणाआधी भरायचा, दुसरा स्नॅप्स या कडक दारूच्या तिसऱ्या ग्लासनंतर. नाहीतरी ते पिणारच होते.

होल्गर आजोबांनी चिमुकला ग्लास उन्हात धरून पाहिला. "टूवा, हा अर्धाच भरलाय. विज्ञानाचं नुकसान होतंय."

अकरावा फोटो आईनं स्वतःहून दिला होता, तिचा स्वतःचाच. गेल्या उन्हाळ्यातला, तळ्याच्या धक्क्यावरचा, केस विस्कटलेले. "घाल गं, बघू तरी," म्हणाली आणि हसली. मग बाबाला आधी सांगू नकोस, असं दोनदा बजावलं. मला तेव्हा ती गंमत वाटली. बाबा रोज सकाळी तिला कॉफी देताना म्हणतो, "आज किती गोड दिसतेस." हे सगळ्यांच्याच घरी म्हणतात, असं मला लहानपणी वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. आदल्या दिवशीचा स्ट्रॉबेरी केक खात आई आकडे वाचत होती, मी लॅपटॉपवर भरत होते. आकडे सगळे चढलेले! आजोबांनी एका मिशीवाल्याला आधी दोन दिले होते, नंतर आठ. आई हसता हसता ठसकली. माझा अंदाज बरोबर निघत होता आणि मी खुर्चीतच नाचत होते.

मग बाबाचे कागद आले. पहिले दहा फोटो इतरांसारखेच, नंतरचे गुण जास्त.

"अकरावा," आई म्हणाली. "आधी दहा." दहाच्या शेजारी बाबानं छोटासा बदाम काढला होता. तिनं तो मला दाखवला. मग दुसरा कागद वर घेतला.

"नंतर चार."

मी भराभर बोलत सुटले. डोळ्यावर ऊन आलं असेल, त्यानं तुला ओळखलंच नसेल. आईनं कागद माझ्याकडे सरकवला. चारच्या शेजारीही बदाम होता, जरा तिरका.

एखादा विचित्र आकडा गाळला तरी चालतो, बाईंनीच सांगितलंय, असं मी म्हणाले. तसं त्यांनी खरंच सांगितलं होतं.

"बाकीच्यांचे खरे धरलेस ना?" आईनं विचारलं. "मग हाही धर."

तेवढ्यात बाबा पोहून आला. केसांतून पाणी ठिबकत होतं. त्यानं कॉफी ओतली, कप तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "आज किती गोड दिसतेस."

एरवी ती म्हणते, "चल, खोटारड्या." आज तिनं कप दोन्ही हातांत धरला.

"थँक्स, शेल," ती बाबाला म्हणाली.

बाबा शिट्टी वाजवत टॉवेल वाळत घालायला गेला. मी चार टाइप केला. पडद्यावर अकराव्या फोटोच्या आतापर्यंतच्या सगळ्या रेघा वर चढत होत्या. ही एकच खाली उतरली.

आईनं पुढचा कागद उचलला. "सीव मावशी," ती म्हणाली. "पहिला फोटो. आधी पाच."