किती दिवस ठेवायचं?

सव्वीस डिसेंबरला सकाळी अकरा वाजता हिरामण म्हात्रेने आपल्या वहिनीच्या माहेरच्या बाळ येशूचं कुंडलिका नदीत विसर्जन केलं.

असं काही झालेलं नाही. हिरामणच्या वहीत तशी नोंद नाही, आणि हिरामणच्या वहीत जे नाही ते घडलेलंच नसतं, हे जिते गावात शेंबडं पोरही सांगेल. वहीतलं एकेचाळिसावं पान फाटलेलं आहे, एवढंच. चाळिसाव्यानंतर थेट बेचाळिसावं येतं. पुष्कळ वह्यांत येत असेल.

तर ही न घडलेली गोष्ट अशी.

जिते हे पेणच्या बाजूचं गणपतींच्या कारखान्यांचं गाव. हिरामण तिथे चुलत्याच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. माती कोणीही दाबतो, रंग कोणीही मारतो, पण डोळे आखायला हात लागतो, आणि तो हात हिरामणकडे होता. त्याला मात्र त्याचं काही वाटत नसे. त्याला अभिमान होता तो वहीचा. गावच्या मंडळाचा गणपती गेली सहा वर्षं त्याच्या वहीवर बसत होता आणि वहीवरच उठत होता. मखर, दूर्वा, कापूर, आरतीची पुस्तकं, भांडणाऱ्यांना लांब लांब बसवणे, सगळं क्रमांक घालून. यादीतली पहिली नोंद ‘वही आणणे’ अशी असायची. वही आणली की तो तिच्यावर बरोबरची खूण करायचा आणि मग पुढच्या कामाला लागायचा.

त्याचा थोरला भाऊ कमळाकर रोह्याला कंपनीत होता. राहायला शेजारी वरशाला. त्याने लग्न केलं कोर्लईच्या फिलोमिनाशी. कुंडलिका रोह्यावरून वाहत वाहत जाऊन जिथे समुद्राला मिळते, तिथलं हे कोर्लई. किल्ला, होड्या आणि ख्रिस्ती वस्ती. लग्न नोंदणीचं झालं, आणि फिलोमिनाची आई तेरेझाबाई त्याला आली नाही. त्यानंतर तीन वर्षं आली नाही. पत्र नाही, निरोप नाही, सुक्या बोंबलाची एक जुडीसुद्धा नाही. आणि मग सत्त्याण्णव सालच्या नोव्हेंबरात अचानक निरोप आला: नाताळला येते. आजीचा बाळ घेऊन येते.

फिलोमिनाने निरोप वाचला आणि दुसऱ्याच दिवशी दिराला बोलावून घेतलं.

“भावजी, आई पहिल्यांदा या घरात पाय ठेवणार आहे. काही विसरलं, काही चुकलं, तर ती तोंडानं एक शब्द बोलणार नाही. गुपचूप पिशवी भरेल आणि जाईल. मग ती परत यायची नाही. मला माझी आई ओळखते. म्हणजे, मी तिला ओळखते.”

“वहिनी, ही वही कशाला आहे?” हिरामण म्हणाला.

“तुम्हाला नाताळातलं काय कळतं पण?”

“सण म्हणजे सण. आणायचं, सजवायचं, वाढायचं, निस्तरायचं.”

सासूबाई इंदुबाई चुलीपाशी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “त्याला सांग गो सगळा. त्याच्या वहीतून मुंगीपण निसटत नाय.”

हिरामणने एकेचाळिसावं पान उघडलं, वर ‘नाताळ’ लिहिलं आणि खाली गणपतीची यादी जशीच्या तशी उतरवून काढली. मग एकेक शब्द बदलत गेला. मखर खोडून गोठा. मोदक खोडून नेवऱ्या. आरत्या खोडून गाणी. दूर्वा खोडायला त्याचं मन होईना, म्हणून त्याने वहिनीला विचारलं, आणि गोठ्यात गवत लागतं हे कळल्यावर त्याला फार बरं वाटलं. उंदीर खोडला आणि त्या जागी मेंढरं घातली, नग सहा. असं करत करत तो यादीच्या शेवटाकडे आला. तिथे एकच जागा कोरी होती.

फिलोमिना नेवऱ्यांचं सारण परतत होती. खोबऱ्याचा वास, स्टोव्हचा आवाज.

“वहिनी, किती दिवस ठेवायचं?” हिरामणने विचारलं.

“दीड दिवस,” फिलोमिना मागे न बघता म्हणाली. “त्याच्यापेक्षा जास्त ठेवलं की घरात भांडणं होतात, भावजी. अनुभव आहे मला.”

हिरामणला हे एकदम पटलं. मंडळाने ज्या वर्षी पाचाचा सात दिवसांचा केला, त्याच वर्षी दोन डोकी फुटली होती. त्याने वहिनीचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. कोण बोललं तेही लिहिलं. तो नेहमीच लिहायचा.

बाकी तयारीत बोट ठेवायला जागा नव्हती. गोठ्यातली माणसं त्याने कारखान्यातच केली. मारियेचा चेहरा गौरीच्या साच्यातून आला होता, त्यामुळे तिला नथ होती. योसेफाला आधी फेटा आला होता, तो घासून काढला. गाई पुष्कळ होत्या. ही सगळी मंडळी पेंढ्यात घालून जित्याहून पॅसेंजरने रोह्याला आणताना समोरच्या बाकावरच्या म्हातारीने मारियेला हात जोडले आणि दोन रुपये ठेवले. हिरामणने ते यादीत ‘देणगी’ खाली दाखवले.

चोवीसला दुपारी तेरेझाबाई आली. उंच, काळीसावळी, पांढरं पातळ, गळ्यात क्रूस. तिने घर पाहिलं. कंदील पाहिला. नेवऱ्या पाहिल्या आणि एक मोडून बघितली. गोठ्यापुढे मात्र ती बराच वेळ उभी राहिली.

“हिला नथ?” तेरेझाबाई म्हणाली.

“सवाष्ण आहे,” हिरामण म्हणाला.

तेरेझाबाई हसली. तीन वर्षांत त्या घराने ऐकलेलं तिचं पहिलं हसू. फिलोमिना मोरीत जाऊन रडून आली.

मग तेरेझाबाईने पिशवीतून बिस्किटांचा जुना डबा काढला. त्यात मऊ फडक्यात बाळ होता, लाकडाचा, वीतभर. तिच्या आजीच्या आजीपासूनचा, असं ती म्हणाली. घरातला प्रत्येकजण दर नाताळाला त्याचं चुंबन घेतो, म्हणून उजव्या पायाचा अंगठा झिजून गेला होता. डोळेही पुसले होते. नुसत्या दोन खोलगट जागा.

“तू डोळे काढतोस ना देवांचे?” तिने हिरामणला विचारलं. “याचे काढ. मी कोणाच्या हातात दिला नाही आजवर. तुझा हात मऊ दिसतो.”

नाताळच्या सकाळी, सगळे चर्चमधून मिस्सा करून आल्यावर, हिरामणने अंगणात बसून बाळाचे डोळे आखले. एका केसाच्या ब्रशने. तेरेझाबाईने बाळाला उजेडात धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं.

“बघतोय,” ती शेवटी म्हणाली. “माझ्याकडे बघतोय. माझ्या लहानपणी बघायचा तसा.”

दुपारी जेवताना तिने आपल्या ताटातला पापलेटचा मधला तुकडा हिरामणच्या ताटात वाढला. इंदुबाईंनी डोळ्यांनीच फिलोमिनाला खुणावलं: जमलं गो. हिरामणने त्या दिवशी वही उघडली तेव्हा चाळीसच्या चाळीस कामांपुढे खुणा होत्या. राहिलं होतं एकच.

सव्वीसला सकाळी कमळाकर पहिल्या शिफ्टला गेला. तिघी बायका शेजारपाजार दाखवायला म्हणून बाहेर पडल्या. हिरामणला हे सोयीचंच होतं. निरोपाच्या वेळी बायका रडतात, असं त्याचं मत होतं. त्याने बाळाला अंघोळीच्या ताम्हनात ठेवलं, वर रुमाल टाकला आणि घाटाकडे निघाला.

वाटेत शेजारचे महिपतीकाका भेटले. वरशात कोणाचंही विसर्जन असो, काका झांजा घेऊन हजर. बाराही महिने त्यांच्या खिशात झांजा असत.

“कोणाचा रं?”

“वहिनीचा. दीड दिवसाचा.”

“बारका हाय,” काका आत डोकावून म्हणाले. “पण डोळं काय आखलंस रं! बोलतील आता.”

हिरामणला बरं वाटलं. हे त्याला पुढे कधी विसरता आलं नाही, की त्या क्षणी त्याला बरं वाटलं होतं.

घाटावर ओहोटी लागली होती. काकांनी झांजा काढल्या आणि मग दोघे अडले.

“म्हनायचा काय?” काकांनी विचारलं. “पुढच्या वर्षी लवकर या?”

हिरामणने विचार केला. “लवकर कसे येणार काका? त्यांचं पंचवीस डिसेंबर ठरलेलं असतं.”

“व्हय की. मग?”

“वेळेवर या.”

“पुढच्या वर्षी वेळेवर या!” महिपतीकाका गरजले, झांजा वाजल्या, आणि हिरामणने गुडघाभर पाण्यात उभं राहून बाळाला तीनदा खाली-वर करून सोडलं.

बाळ बुडाला नाही.

“लाकडी हाय रं,” काका म्हणाले.

हिरामणने त्याला आत दाबलं. तो वर आला. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. तिसऱ्यांदा तो हाताखालून सटकला आणि प्रवाहात गेला. जाताना उताणा होता. आदल्या दिवशी आखलेले दोन डोळे हिरामणकडे बघत बघत पुलाखालून गेले.

हिरामण तसाच पाण्यात उभा राहून पुलाकडे बघत राहिला. पण खुणेची जागा कोरी होती, म्हणून त्याने घरी येऊन आधी ती भरली.

दुपारच्या एसटीसाठी तेरेझाबाई आवरायला लागली. पातळं घडी करून झाली. डबा काढला. फडकं अंथरलं. गोठ्यापाशी गेली, वाकली, गवत बाजूला केलं.

“बाळ कुठाय?”

“विसर्जन झालं,” हिरामण म्हणाला. “अकरा वाजता. अगदी वेळेवर.”

बाहेर कोणाची तरी सायकल पडली.

“भावजी,” फिलोमिना म्हणाली, “विसर्जन काय?”

“तुम्हीच सांगितलंत, दीड दिवस.”

“मी कधी सांगितलं?”

आता इथे कोणी शहाणा माणूस असता तर गप्प बसला असता. पण हिरामणच्या हातात वही होती, आणि सहा वर्षांत वहीने त्याला कधी दगा दिला नव्हता. त्याने एकेचाळिसावं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं: “किती दिवस ठेवायचं? दीड दिवस. त्याच्यापेक्षा जास्त ठेवलं की घरात भांडणं होतात, अनुभव आहे मला. सांगणार, वहिनी.”

फिलोमिनाचा चेहरा उतरत गेला.

“ते मी...” ती म्हणाली आणि थांबली.

पण तेरेझाबाईला कळलं होतं. ती गोठ्यापुढे जमिनीवर बसली.

“म्हणजे बाळाला नव्हे,” ती हळूच म्हणाली. “मला दीड दिवस.”

इंदुबाईंनी तोंडाला पदर लावला. हिरामणला वाटलं, जमीन दुभंगावी. पण जमीन दुभंगणे हे यादीत नव्हतं, आणि झालंही नाही. एका वाक्यात त्याने दोन माणसं बुडवली होती. बाळ निदान तरंगत तरी होता.

फिलोमिना आईच्या शेजारी बसली. “आई, मला भीती वाटत होती गं. दोन दिवस झाले की आपण दोघी...”

“होतात भांडणं,” तेरेझाबाई म्हणाली. “खोटं काय आहे त्यात.”

तिने घडी केलेली पातळं पिशवीतून बाहेर काढली आणि परत दांडीवर टाकली.

“बाळ आल्याशिवाय मी जाणार नाही.”

तेव्हापासून ती वरशालाच आहे. मायलेकींची पहिले दोन दिवस भांडणं झाली, तिसऱ्या दिवशीही झाली, आणि मग कालवणात कोकम किती घालायचं यावर येऊन थांबली. हिरामण रोज सकाळी नदीच्या काठाने खाली जातो. पडमला गेला, चणेऱ्याला गेला, थेट रेवदंड्याच्या खाडीपर्यंत गेला. जाळी टाकणाऱ्यांना विचारतो, “लाकडी बाळ पाहिलंत का? डोळे नवीन आहेत.” ते त्याच्याकडे बघतात. एकाने त्याला चहा पाजला आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं.

त्या खाडीवरून समोर पलीकडच्या तीरावर कोर्लई दिसतं. बाळ आपल्या पायांनी, म्हणजे पाण्याने, घरी गेला असेल, असं कमळाकर त्याला समजावतो. हिरामणला ते ऐकवत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे तेरेझाबाई रागावत नाही. संध्याकाळी तो हात हलवत परत आला की ती काही विचारत नाही. माशाचा मधला तुकडा त्याच्या ताटात वाढते आणि समोरून उठून जाते. तो तुकडा त्याला खाववत नाही आणि टाकवतही नाही. चुलत्याच्या कारखान्यातून दोन निरोप आले, माघी गणपतीची आखणी खोळंबली आहे म्हणून. हिरामण गेला नाही. ब्रश हातात घेतला की दोन डोळे पुलाखालून जातात.

काल जेवताना तेरेझाबाई एवढंच म्हणाली, “तू सगळं लिहितोस ना? मग लिही की कुठेतरी.”

हिरामणने एकेचाळिसावं पान फाडलं. पुढच्या बाजूला चाळीस खुणा आणि त्याखाली एकेचाळिसावी. त्याने ते उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिलं:

प्रति,
मा. बंदर निरीक्षक साहेब, यांचे सेवेशी.

विषय : ओहोटी तहकूब करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, दि. २६ डिसेंबर रोजी सकाळी ठीक अकरा वाजता खाली सही करणाराच्या हातून एक लाकडी बाळ (लांबी एक वीत, उजव्या पायाचा अंगठा झिजलेला, डोळे नवीन) कुंडलिका नदीत गेले असून ते ओहोटीबरोबर आपल्या हद्दीत आले आहे. सबब, सदर बाळ रोहे घाटावर परत पोहोचेपावेतो आपल्या बंदरातील ओहोटी तहकूब करून केवळ भरती चालू ठेवण्यात यावी. अर्जदार घाटावर गुडघाभर पाण्यात हजर राहील.

ते नियमात बसत नसल्यास, सदर दिवसाची सकाळी दहा ते अकरा ही वेळ मुळापासून रद्द करून तसे लेखी कळविण्यात यावे, ही नम्र विनंती.